पाठकोरा कागद

४ फेब्रुवारी

चि. ठकीस आईचे आशीर्वाद.

तुझं सामान आज पोचलं. चपला एक जोड, तपकिरी, उजव्या पायाचा अंगठा शिवलेला. डबा एक, दोन पुडांचा, झाकण दुसऱ्याच डब्याचं. फणी. रुमाल दोन, पैकी एक धुतलेला. खांद्याला अडकवायची निळी पिशवी, तळाला ठिगळ. पिशवीत किल्ली एक, दोऱ्यात ओवलेली. कागद एक, घडी घातलेला. आणणाऱ्याने वजनाचा जादा आकार आपल्याकडूनच घेतला, चार दिवसांचं दूध गेलं त्यात. मी म्हटलं, "पाठवलंय सरकारने आणि भरायचं आम्ही?" तर म्हणाला, "मावशी, नको असेल तर तसं लिहून द्या, परत नेतो." परत कशी नेऊ देणार? गठ्ठ्यावर तुझं नाव होतं.

यातली एकही वस्तू तुझी नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण हात आपला यादीपासून सुरू झाला.

आता नीट वाच. गावाबाहेर गणवेश शिवायचा कारखाना होता, तो गेल्या महिन्यात जळाला. दाराला बाहेरून कुलूप होतं म्हणतात. आतल्या बायका ओळखण्यासारख्या राहिल्या नाहीत. पण कामावर चढताना चपला आणि पिशव्या फाटकापाशी ठेवाव्या लागत, कापड चोरून नेऊ नये म्हणून, त्या तेवढ्या वाचल्या. प्रत्येकीचा खण वेगळा, खणावर नाव आणि सरकारी ओळख-क्रमांक. एका खणावर तुझं नाव आणि तुझा नंबर होता. तेव्हा क्रमांक कचेरीच्या लेखी तू गेलीस. त्यांनी तुझा नंबर बंद केला आहे आणि छापील पत्रात दुःख व्यक्त केलं आहे. नावाची जागा मोकळी ठेवून ती शाईने भरली आहे.

मला विचारशील तर माझ्या मनात शंका नाही. बाराव्या वर्षापासून तू माझ्या चपला घालून पळायचीस आणि पुढे तर माझ्याही तुला होईनात. या चपलेत माझी टाचसुद्धा मावत नाही. आणि पिशवीचं ठिगळ उजव्या हाताने घातलेलं आहे. तू डावखुरी. तुझा टाका उलट्या बाजूला झुकतो, शाळेत शिवणाच्या बाईंनी त्यावरून हातावर पट्टी मारली होती तुझ्या. ह्यांनी तर चप्पल नुसती तळहातावर घेतली. उभी नोकरी वजनकाट्यावर गेली त्यांची. म्हणाले, "ही तिची नाही. ही कुणातरी पोरीची आहे." मग चप्पल खाली ठेवायची विसरून तशीच घेऊन बसले.

कचेरीच्या पत्रात लिहिलं आहे की हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत नोंदवावी. तुला काही इथे यायला नको. तू आहेस तिथल्या क्रमांक कचेरीत जायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि मी जिवंत आहे म्हणून सांगायचं. झालं.

तुझा पत्ता माझ्याकडे कुठून, असं मनात येईल. ह्यांचा जुना चष्मा तुझ्या सामानात गेला होता, तो तू मागे पाठवलास. आत एक ओळ नव्हती, पण पाकिटाच्या पाठीवर वसतिगृहाचा पत्ता होता. तो मी त्याच दिवशी उतरवून ठेवला. चष्मा हे अजून वापरतात. नंबर वाढला आहे, तरी तोच वापरतात.

उंबऱ्यावर जे बोलणं झालं ते मी इथे काढत नाही. तूही काढू नकोस. आधी अंगठा दे.

तुझी
आई

११ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, समजते मी. देवापुढे तुझ्या नावाची वात लावते आणि दुपारी पोस्टमनची सायकल ऐकू येईपर्यंत स्वयंपाकघर सोडत नाही.

काल आम्ही दोघं कचेरीत गेलो. मोठी जागा, पांढरे दिवे, बसायला एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या. एक हलली की सगळी ओळ हलते. खिडकीवर बसलेली कारकून वयाने तुझ्याएवढी असेल. वाईट नव्हती पोरगी, सर्दीने हैराण होती बिचारी. ह्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि साहेबासमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"माझी मुलगी जिवंत आहे," म्हणाले.

तिने पडद्यावर पाहिलं. "शेवटचं कधी बोललात तिच्याशी?"

मी म्हटलं, "तीन वर्षं झाली."

"पत्र?"

"नाही."

"मग जिवंत आहे हे कशावरून म्हणता, काकू?"

मी चपला काढून दाखवल्या, ठिगळ दाखवलं, टाका कुठल्या बाजूला झुकतो ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मी कुठे भरू? असा रकानाच नाही." खरंच नव्हता. मला दाखवला तिने पडदा फिरवून. मी म्हटलं, "अगं, आई आहे मी." तर नाक पुसत हळूच म्हणाली, "काकू, या आठवड्यात माझ्यासमोर ज्या ज्या आया आल्या, त्या सगळ्या हेच म्हणाल्या."

बोटांचे ठसे घ्या म्हटलं तर बोटं राहिलेली नाहीत. रक्त तपासा म्हटलं तर त्याला वरचा हुकूम लागतो, आणि ज्यात संशय नाही त्यात वरचे हुकूम देत नाहीत. "नंबर जुळला की संशय संपला," म्हणाली. शेवटी तिने कागद पुढे सरकवला. आम्हा दोघांची सही झाली की देह आमच्या ताब्यात मिळेल. नाही केली तर महिनाअखेर झाली की बेवारस म्हणून त्यांचे ते उरकतील.

आता यातली गाठ तुझ्या लक्षात येते का? सही केली म्हणजे ती तू आहेस असं आम्ही लिहून दिलं. मग तुझा नंबर कायमचा गेला. मी विचारलं, कायमचा म्हणजे कायमचा? ती म्हणाली, पुढे अर्ज करता येतो, पण वर्ष जाईल, दोन जातील. आईबापांनीच सही केलेलं मरण खोडायचं म्हणजे सोपं नाही. "आणि काकू, नंबर बंद म्हणजे सगळंच बंद असतं. पगार, दवाखाना, भाड्याची खोली, फोन. तुमची मुलगी असेल जिवंत, तर आत्ता तिचे हाल कुत्रं खात नसेल."

ते ऐकून ह्यांनी बाहेर येऊन तुझा फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. एक बाई शांतपणे म्हणाली की हा क्रमांक अस्तित्वात नाही. ह्यांनी तिला दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

सही केली नाही आम्ही.

संध्याकाळी वन्सं आल्या होत्या. तुझी आत्या कशी बोलते तुला माहीतच आहे, तोंडाला कुंपण नाही. म्हणाल्या, "तीन वर्षांत जिला जन्मदात्यांची आठवण नाही, ती असली काय नि नसली काय. दादा, तूच तर म्हणाला होतास तेव्हा." ह्यांनी कपबशी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "चहा गार होतोय. तो घे आणि ऊठ."

घोट न घेता गेल्या. चहा मी ह्यांना दिला. साखर होती त्यात, फुकट कशाला घालवायची.

ठके, राग धर, पण अंगठा दे. राग धरायलासुद्धा माणूस जिवंत लागतो.

आई

१७ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आज एक मुलगी आली होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. दाराची कडी वाजवता येईना म्हणून तिने पायाने दार हलवलं, आणि मी आतून ओरडले, "कोण आहे तो दांडगा?" उघडून पाहते तर ही. कारखान्यात काज-बटण करायची म्हणाली. आग लागली तेव्हा पाणी प्यायला मागच्या मोरीत होती, खिडकीचे गज तापलेले असताना धरून वाकवले आणि निघाली. आपला पत्ता तिने कार्डाच्या नकलेवर वाचला होता. ती नक्कल खणाच्या फळीला चिकटवलेली असे.

मी तिला भरवलं. हाताने खाता येत नव्हतं. खाता खाता तिने सांगितलं ते तुला सांगते.

तुझ्या खणाची पोरगी सोळाची होती. धागे कापायची. अंगाने एवढीशी आणि डोक्यावर तयार मालाचा गठ्ठा तिच्याहून मोठा, म्हणून सगळ्या तिला मुंगी म्हणत. तिला स्वतःचा नंबर होता, पण त्यावर वय येतं आणि सोळाच्या पोरीला कामावर घेता येत नाही. मग मुकादम काय करायचा, थोराड नंबराची नक्कल द्यायचा. त्याच्याकडे ढीगभर होत्या. आठवड्याच्या पगारातून नंबराचं भाडं कापून घ्यायचा. फोटो काळा डाग दिसतो नकलेत, कोण कुणाला ओळखतंय?

"सकाळी हजेरीला तुमच्या मुलीचं नाव पुकारायचे," काजवाली म्हणाली. "पहिल्या दिवशी ती गप्पच राहिली. मी चिमटा काढला, अगं तूच ती, ओ दे. मग रोज द्यायला लागली. पुढे पुढे तर मागून कुणी त्या नावाने हाक मारली तरी वळायची."

मी विचारलं, तिचं खरं नाव काय?

काजवालीला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. खरं नाव सांगितलंत तर कामावरून काढीन अशी मुकादमाची तंबी होती. आई आहे म्हणायची, विटांच्या भट्ट्यांवर काम करते, हंगाम संपला की दुसरी भट्टी. कुठली ते कधी बोलली नाही. काजवाली म्हणाली, "मावशी, तिला तुम्हीच न्या ना. तिथे ड्रॉवरमध्ये ठेवलीय तिला, तुमच्या मुलीचं नाव पायाला बांधून. दुसरं कुणी यायचं नाही तिच्यासाठी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ती तुमच्या मुलीचं नाव कधी खराब करायची नाही. कामात चोख होती."

आता त्या घडी घातलेल्या कागदाचं.

यादीत लिहिला आणि पुढे गेले, ते मुद्दामच. पहिल्याच दिवशी उघडून पाहिला होता मी. तुझ्या कार्डाची नक्कल आहे, पुसट, तिरपी आलेली. आणि पाठीवर लाल शाईने वरपासून खालपर्यंत देवाचं नाव. ओळीमागे ओळ, समास सोडून. अक्षर माझं.

तुला आठवतं, नकला काढायला गेलो की मी बिघडलेल्या नकला दुकानात ठेवू देत नसे? दुकानदार हसायचा, "काकू, टोपलीतला कचराही नेणार का?" मी म्हणायची, "हो, नेणार. आमचा नंबर तुमच्या टोपलीत कशाला?" फोनवर कुणी नंबर विचारला तर मी आपल्या घरात नंबरच नाही म्हणून सांगायची. कार्डं धान्याच्या डब्यात पुरून ठेवायची. सगळी आळी माझ्यावर हसायची आणि अडचण आली की मलाच विचारायला यायची. तू म्हणायचीस, "आई, घरी आणतेस तर निदान फाडून तरी टाक." पण पाठकोरा कागद फाडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. एक अंग चांगलं कोरं असतं त्याचं. तुझ्या शाळेच्या वेळचे, बँकेच्या वेळचे, लग्नाच्या नोंदणीचे, सगळे मी साठवले आणि त्यावर रोज दुपारी नाव लिहिलं. आणि एकदा देवाचं नाव आल्यावर कागद फाडता येत नाही, जाळता येत नाही, पायाखाली येऊ देता येत नाही. भरले की गठ्ठा बांधून देवळात देऊन यायचे. तिथे मागच्या खोलीत ठेवतात, सगळ्याच बायका देतात. मला वाटलं, याहून सुरक्षित जागा कुठली?

काजवाली गेल्यावर मी चपला अडकवल्या आणि देवळात गेले. मागची खोली झाडून पुसून लख्ख. राखणदार म्हणाला, "मावशी, किती वर्षं सांभाळू? वाळवी लागत होती. एक सज्जन येतात अधूनमधून. नदीत सोडतो म्हणाले, पोती घेऊन जातात. पैसासुद्धा मागत नाहीत, उलट देवापुढे ठेवून जातात." कसे दिसतात विचारलं. त्याने मुकादम जसा काजवालीने सांगितला होता, तसाच सांगितला. कपाळाला मोठं गंध.

मुकादमाला आमच्यासारख्या बायका बरोबर ठाऊक आहेत. विजेची बिलं, गुणपत्रिका, कार्डांच्या नकला, ज्याला कोरी पाठ असेल त्यावर आम्ही लिहिणार. आणि लिहिलं की तो कागद कुणी फाडणार नाही, याची हमी आम्हीच देणार. त्याने नुसती पोती उलटी करून पाहायची.

मी देवाला बोल लावत नाही. त्याच्या नावाखाली काय आहे ते त्याने कशाला बघावं? ते मी बघायचं होतं.

काजवाली सांगत होती, मुंगीला वाचता येत नव्हतं. पण पाठीवरचं लाल लिहिलेलं देवाचं आहे एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एक नक्कल तिने मुकादमाकडून मागून घेतली. कामावर चढायच्या आधी घडी कपाळाला लावायची आणि पिशवीत ठेवायची. सांभाळायची म्हणे फार.

उत्तर का देत नाहीस?

आई

२२ फेब्रुवारी

चि. ठकीस,

माझी चौथ्या तारखेची चिठ्ठी आज परत आली. पाकीट न फोडलेलं. वर वसतिगृहाचा शिक्का, त्याखाली लिहिलं आहे, "सदर रहिवासी मयत. खोली रिकामी करून घेतली."

मी तशीच उंबऱ्यात बसले. ह्यांनी पाकीट हातातून घेतलं, तो जुना चष्मा चढवला आणि उलटं सुलटं करून पाहिलं. आणि पाठीवर, जिथे चिकटवतात तिथे, पेन्सिलने अगदी बारीक लिहिलेलं त्यांना दिसलं. मला दिसलं नव्हतं. तेच इथे उतरवते:

"ताई, मी इथली दारावरची. तुमची मुलगी फाटकाशी येते, टपाल आलंय का विचारते. पत्र आलं तेव्हा तिला द्यायला गेले, पण नोंदवहीत नंबर टाकल्याशिवाय टपाल द्यायचं नाही असा नियम आहे, आणि तिचा नंबर चालत नाही. मॅडम समोर होत्या. तिने पाकिटावरचं अक्षर लांबून बघितलं आणि म्हणाली, आईचं आहे. परत पाठवायला सांगितलं म्हणून पाठवते. ती येते अजून."

ह्यांनी मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले, पुसून झाला तरी.

ठके, तू फाटकाशी येतेस. आमचं पत्र येईल म्हणून येतेस. तीन वर्षं अशीच टपाल विचारत होतीस का गं? मी तीन वर्षं लिहिलं नाही. तू लिहिशील म्हणून वाट पाहिली आणि कोरे कागद भरले.

म्हणून हे पाकीट तुझ्या नावाने नाही. दारावरच्या बाईंच्या नावाने आहे, आत तुझ्यासाठी चारही पत्रं, मधली दोन पहिल्याच्या उत्तराची वाट पाहत माझ्याकडेच राहिली होती. बाई, आपले उपकार आहेत. नंबर विचारू नका तिला. ओळख पटवायची असेल तर तिला सही करायला सांगा. डाव्या हाताने करते आणि कागद आडवा धरते. हनुवटीखाली व्रण आहे, शिवणयंत्राच्या कोपऱ्यावर पडली होती. उत्तर द्यायला मागे तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे, तेही तिलाच द्या.

तुझा अंगठा कसा द्यायचा ते आज पुन्हा खिडकीवर विचारून आले. बंद झालेल्या नंबरावर तुझ्या गावची कचेरी तुला आत घेणार नाही. फाटकावरच नंबर मागतात. कारकून म्हणाली, "आता मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलं, तारीख आणि टपालाचा शिक्का असेल, तर ते मी हरकतीला जोडते. महिनाअखेरपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. पुढचं वरच्यांच्या मर्जीवर." कुणी बघत नाही असं पाहून तिने आपल्या कागदांची फाइल ढिगाच्या तळाला घातली, म्हणजे तिची पाळी उशिरा येईल. सर्दी अजून गेली नाही तिची.

एवढं सोपं असतं तर मी इथेच थांबले असते.

मुंगी अजून तिथे शवागारात आहे. काल हे मला न सांगता गेले होते. देह बघू देत नाहीत सहीशिवाय, म्हणून बाहेर बाकावर बसून आले. तिथल्या माणसाने विचारलं, "कोण तुमची?" मुलगी म्हणावं तर तुला मारल्यासारखं, नाही म्हणावं तर तिला टाकल्यासारखं. मग म्हणाले, "ओळखीची आहे." घरी येऊन जेवले नाहीत. मला म्हणाले, "एकदा मी तोंडाने म्हटलं होतं ते. सासर सोडून आलीस तर आम्हाला मेलीस, असं म्हटलं होतं. सरकारने आत्ता शिक्का मारला एवढंच." मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नका. पण ते बोलले ते तुला कळावं असं त्यांना वाटतं. नाहीतर माझ्यासमोर कशाला बोलले असते?

काजवाली भट्ट्याभट्ट्यांवर फिरते आहे. हातांच्या पट्ट्या घेऊन. मुंगीसारख्या दिसणाऱ्या बाईला विचारायचं, तुझी मुलगी शिवणाच्या कारखान्यात होती का? आणि त्या बाईच्या हिशेबात मुलगी जिवंत आहे. मुंगीचा नंबर कुणी बंद केलेला नाही. तिची आई महिनाअखेरच्या आत सापडेल असं काजवालीलाही वाटत नाही, पण फिरते आहे.

तेव्हा आता तुला विचारायचं ते विचारते. घरात कुणाशी सल्लामसलत करून नाही, देवापुढे बसून ठरवलं आहे मी.

तू लिहून पाठवलंस की मी जिवंत आहे, तर ते मी त्याच दिवशी खिडकीवर देईन. मग कदाचित तुझा नंबर सुटेल आणि मुंगी बेवारस होईल. कुणाचंच नाव नसलेली. तिचे त्यांचे ते उरकतील, कुठे नि कसं ते सांगत नाहीत.

किंवा आम्ही सही करू. तिला घरी आणू. अंघोळ घालण्यासारखं काही नसेल, तरी तिच्या पिशवीतला धुतलेला रुमाल आहे तो घालू, आणि पोटच्या पोरीचं करतात तसं सगळं करू. ह्यांनी तयारी दाखवली आहे. पण मग कागदावर ती तू असशील. तुझी खोली, तुझा पगार, तुझं टपाल, सगळं वर्ष दोन वर्षं असंच अडकेल, आणि ते सोडवायला तुला आमच्या सहीशी भांडावं लागेल. तू फाटकाबाहेर कुठे निजतेस, काय खातेस, मला माहीत नाही. हे मागायला माझी जीभ रेटत नाही. पण न मागता बसले तर ती पोरगी रोज डोळ्यांपुढे येते, कपाळाला माझं अक्षर लावलेली.

सही करावी असं मला वाटतं का? वाटतं. खोटं कशाला सांगू? करणार का? तुला विचारल्याशिवाय नाही. तुझा नंबर माझ्या हातून एकदा तुला न विचारता गेला आहे. दुसऱ्यांदा मी तो कुणाला देणार नाही, त्या पोरीलासुद्धा नाही. तू नाही म्हणालीस तर आमचा शब्द नाही. कारण मागणार नाही. तुझं आहे ते, तूच ठरव.

एक मात्र कुठल्याही उत्तराची वाट न पाहता सांगते. घराचं दार उघडं आहे. त्याला नंबर लागत नाही. वन्सं काय म्हणतील ते मी बघून घेईन, त्यांच्यासाठी चहा गार करून ठेवते.

हे शेजारीच बसले आहेत. दोन ओळी लिहा म्हटलं तर पेन हातात घेऊन बसले आणि टोपण काढलंच नाही. आता म्हणतात, मीच लिहावं की चष्मा उत्तम आहे.

हा कागद मी कोरा आणला आहे, दुकानातून विकत. दोन्ही अंगांनी कोरा. पाठीवर काही लिहिलेलं नाही, बघून घे. तिथे तू लिही. हो किंवा नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल, पण तुझ्या अक्षरात लिही, वर तारीख घाल, आणि दारावरच्या बाईंच्या हातून लगेच टपालात पडेल असं कर. खिडकी महिनाअखेरीला बंद होते. त्याआधी, ठके, उलट टपाली कळव.

तुझी
आई